हिरव्या खणाची कुंची

मोरीतला नळ खाकरला, तेव्हा घरात एवढी शांतता होती की मी दचकले. पाणी यायला अवकाश होता, नुसती हवा. अदिती, माझी तीन वर्षांची लेक, कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. तिच्या डोक्यावर भिंतीला तिचाच फोटो आहे, चार महिन्यांची असतानाचा, माझ्या आईनं शिवलेल्या हिरव्या खणाच्या कुंचीतला. ती कुंची हल्ली सापडत नाही. सासूबाई म्हणतात, उंदरांनी नेली असेल.

चपला हातात घेऊन, कॅमेरा गळ्यात अडकवून मी जिना उतरले. खाली सासूबाई वाती वळत होत्या.

"निघाली फोटोग्राफर! पोरगी उठायच्या आत ये."

फोटो हे सांगायचं कारण. गेल्या श्रावणात माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मी दवाखान्यात गुंगीत होते. आमच्यात एवढ्या लहान जिवाला पुरतात आणि आईला जागा सांगत नाहीत. कळली की आई सारखी तिथं जाते म्हणे. यशराजला, माझ्या नवऱ्याला, कितीदा विचारलं. तो ताटावरून उठून जातो. फक्त एकदा स्वप्नालीवहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, बोलून गेल्या, "मामंजी नि भाऊजी जयंती नाल्याच्या अंगानं गेले, एवढंच दिसलं बघ गच्चीतनं."

तेव्हापासून मी नाला धरून चालते. शुक्रवार पेठेतले मागचे बोळ, परड्यांच्या भिंती, त्यांवर महापुरानं सोडलेली तपकिरी रेघ. कुणी हटकलंच तर गळ्यातला कॅमेरा उत्तर देतो.

आज एका बोळाच्या टोकाला म्हैस वाट अडवून उभी होती. पुढं नाल्याची भिंत. तिकडं तोंड, कान ताठ. आणि तिच्या सडांतून दूध आपोआप फरशीवर ठिबकत होतं.

"काढा की फोटो, ताई," दावं धरून उकिडवा बसलेला गवळी म्हणाला. "हिला मिरवायची लई हौस!"

"रेडकू गेलं का हिचं?"

"कशाला जातंय? गोठ्यात ढुसण्या देतंय की. पर हितं आली की अशीच पान्हा सोडती. तिकडं गंगावेशीत दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक गिलास घिऊन हुबं, आन् ही हितं वततीया."

"कधीपासनं?"

तो हसायचा थांबला.

"श्रावणापासनं."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. भिंत, रेघ, भिंतीच्या पायथ्याला ओलसर शेवाळ. एकच फोटो घेतला.

मग छातीला गार लागलं. खाली पाहिलं तर कुर्ता भिजला होता. दोन्हीकडं.

दूध आटायच्या गोळ्या मी श्रावणातच घेतल्या होत्या.

गवळ्यानं मान वळवली. म्हैस हलली नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला तिथं मांडी घालून बसायचं होतं. पदर नव्हता, ओढणी होती. तेवढी पुरली असती.

पण अदिती उठली असेल, म्हणून मी निघाले. बसले नाही, याचंच आता वाईट वाटतं.

घरी आले तर ती गादीवर बसून डोळे चोळत होती. ओला कुर्ता ओढणीत झाकून तिला मांडीवर घेतलं, वाटेत म्हैस भेटली म्हणून सांगितलं.

"म्हैस दाखव."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो काढला. म्हैस त्यात आलीच नव्हती. भिंत, रेघ, शेवाळ. मी दोनदा पाहिलं. बाकी काही नव्हतं.

अदितीनं पडद्यावर, त्या भिंतीच्या पायथ्याशी बोट ठेवलं. मान वर करून स्वतःच्या फोटोकडं पाहिलं. पुन्हा खाली.

"आई, माझी कुंची घालून हे कोण बसलंय?"