चौथा दोरा

पंधरा मार्चच्या सकाळी रुग्णालयाच्या संचालकांनी पोलिसांना फोन केला. वेदनाशमन कक्षातली परिचारिका झ्लातका बेपत्ता होती. हजेरीवहीत कालपर्यंत सही. आज फोन बंद, खोली रिकामी.

निरीक्षक रादोस्तिना आली तेव्हा मुख्य परिचारिका नेवेना एकटीच सहा खाटा सांभाळत होती. सोमवारी राजधानी सोफियाहून तपासणी समिती येणार होती. चौघींपैकी एक जरी कमी भरली, तरी अनुदान बंद, कक्षाला कुलूप आणि मरणपंथाला लागलेले सहाही जण घरी, मॉर्फिनविना. सन्मानाने मरण्यासाठी चार परिचारिका लागतात, हे राज्याने ठरवले होते. त्या आणायच्या कुठून, हे ठरवायचे राहून गेले होते.

"काल झ्लातका आली होती?"

"सही आहे ना."

"सहीचं नाही विचारलं, सिस्टर."

नेवेनाने सलाइनकडे पाहिले. "आली होती."

हजेरीवही तिसऱ्या खाटेशेजारच्या टेबलावर होती. झ्लातकाच्या रेखीव सह्यांमध्ये फक्त नऊ आणि दहा तारखेचे रकाने कोरे होते.

खाटेवरचे निवृत्त शिक्षक मेतोदी रादोस्तिनाच्या टिपणांकडे पाहत म्हणाले, "पोरी, हे अक्षर की कोंबडीचे पाय? कुठल्या शाळेत होतीस?"

"तुमच्या नव्हे, गुरुजी. एवढं नशीब कुठलं."

त्यांच्या मनगटावर तांबडे-पांढरे दोरे होते. इथल्या रिवाजाप्रमाणे एक मार्चला, वसंताचा शकुन म्हणून, प्रत्येक सिस्टर प्रत्येक रुग्णाला आपला एक दोरा बांधते. वसंतात परतणारा पहिला करकोचा दिसेपर्यंत तो कोणी सोडत नाही. रादोस्तिना सहाही खाटांपाशी जाऊन आली. गुरुजींचे उपचारपत्रक तिने दोनदा वाचले. मग दार लावून घेतले.

"सगळ्यांच्या मनगटांवर तीनच दोरे आहेत. चौथा कुणालाच नाही. म्हणजे झ्लातका फेब्रुवारीतच गेली. कुठे?"

"जर्मनीला," नेवेना म्हणाली. "तिच्या पाळ्या आम्ही तिघी करतोय."

"आणि सह्या?"

"मीच केल्या."

"नाही. नऊ-दहाला तुम्ही कामावर होता, तुमची स्वतःची सही आहे. तिचीही केली असतीत. पण त्याच दोन दिवशी गुरुजींचं मॉर्फिन दुप्पट झालं आणि ते गुंगीत होते. वही त्यांच्या उशाशी."

मेतोदी हसले. "चाळीस वर्षं प्रगतिपुस्तकांवरच्या बापांच्या खोट्या सह्या पकडल्या. थोडं शिकलो असेनच. हिला यात गोवू नकोस. न्यायचं तर मला ने. तुरुंगात सिस्टर किती असतात?"

रादोस्तिनाने वही पाकिटात घातली आणि त्यावर मोहोर उठवली.

"हा पुरावा. तपास संपेपर्यंत समितीलाही उघडता येणार नाही. मोजणी होत नाही, तोवर कुलूप नाही."

"तपासाला किती दिवस?" नेवेनाने विचारले.

"या अक्षरात? सहा महिने तरी."

गुरुजींनी डोळे मिटले. "मला एवढे लागायचे नाहीत. पण सहाव्या खाटेवरची बाई चिवट आहे. तू आठ धर."