गोळीचं जाकीट

जीवनला ट्रॉलीच्या चाकाला बांधलं होतं. उजवा हात कोपरातून उलटा लोंबत होता आणि तोंडातलं रक्त शर्टावर वाळलं होतं. शहादेवने जुन्या हवालदारकीत कमी मारहाण पाहिली नव्हती, तरी त्याने आधी पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते पाहिलं.

"बाई, पोरगं जितं सोडत न्हाईत हे," जीवनची आई बायडाबाई म्हणाली. तिचाच फोन आल्यावर खाजगी तपास करणारी मोहिनी गित्ते आपल्या मदतनीसाला, शहादेवला घेऊन अंबाजोगाईहून आली होती.

सकाळी मेंढवाड्यात तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाने गावचे पुढारी सुंदरराव यांच्या छातीत तीन गोळ्या घातल्या, तेही हातभर अंतरावरून. त्यांच्या अंगात गोळीचं, म्हणजे गोळी अडवणारं जाकीट होतं, तरी तिन्ही गोळ्या आत गेल्या. जाकीट आणलं होतं अंगरक्षक जीवनने. मग काय, नकली माल आणला म्हणत गाव त्याच्यावरच तुटून पडलं. पहिली चप्पल सुंदररावांच्या बायकोने, रोहिणीने मारली. पोलिसांची जीप प्रेत घेऊन गेली होती, दुसरी अजून यायची होती आणि काठ्या तयारच होत्या.

"नकली होतं, तर मागं धारूरच्या घाटात पाठीत गोळ्या लागून सुंदरराव कसे वाचले?" शहादेवने विचारलं.

"आज लवकर सुचलं तुम्हाला," मोहिनी म्हणाली.

गावाने प्रेतावरून काढून जीवनपुढे फेकलेल्या जाकिटाच्या पाठीवर घाटातल्या गोळ्यांच्या खुणा होत्या. आतलं पिवळं कापड पुढे-मागे वेगवेगळ्या बंद पिशव्यांत होतं. मागच्या पिशवीची शिवण कारखान्याची. पुढची मात्र दाभणाने, गोणीच्या दोऱ्याने घातलेली. मोहिनीने मागचा एक धागा काढून शहादेवला ओढायला दिला. त्याचं बोट कापलं, पण धागा तुटला नाही. पुढचा धागा तिनेच ओढला आणि तो पटकन तुटला.

रोहिणी ओसरीवर बसली होती. तिच्या बोटांची सालपटं निघाली होती.

"जाकीट धुतलं होतं का?" मोहिनीने विचारलं.

"परवा मेंढी इताना अडली व्हती. ह्यांनी तिला छातीशी धरून उचललं. लई घाण वास मारत व्हता, म्हणून पुढचं धुतलं." तिने बोटं पदरात गुंडाळली. "आज घालायचं नको म्हणत व्हते. मीच बळंच चढवलं."

सुंदररावांचा चुलतभाऊ अमरसिंह काठी टेकून उभा होता. त्याच्या काळ्या पँटीवर गुडघ्याखाली पांढुरके डाग होते. यंदा सुंदररावांनी त्याला डावलून रोहिणीला निवडणुकीला उभं करायचं ठरवलं होतं, हे गावभर झालं होतं.

"सकाळी कुठं होतात?" मोहिनीने त्याला विचारलं.

"टाकीवर. गावच्या पाण्यात टीसीएल, म्हंजी ब्लीचिंगची पावडर टाकायचं काम माझ्याकडंच हाय."

"सोबत कोण होतं?"

"पावडर टाकायला सोबत कशाला लागती? त्या जीवनला इचारा की."

मोहिनी ट्रॉलीपाशी गेली. "जाकीट सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग हातभर अंतरावरून मारणाऱ्याने डोकं का सोडलं?"

तिने जाकिटाची पुढची बाजू सगळ्यांसमोर धरली.

"कारण छाती उघडी पडल्याचं त्याला माहीत होतं. हे सूत गोळी अडवतं, पण टीसीएलच्या पाण्यात भिजलं की कुजतं. म्हणून तर ते बंद पिशवीत असतं. पाठ भिजली नाही, ती अजून शाबूत आहे. म्हणून तो पुढून आला. रोहिणीताई, पावडर कोणी दिली?"

रोहिणीचा चेहरा उतरला. "अमरसिंह भावजींनी. पिशवीबी त्यांनीच उसवली अन् परत शिवून दिली. म्हणले, दिवसभर भिजू घाला, वास जातो."

"टीसीएलनं ह्यांच्या पँटीवर डाग पाडले, हिच्या हातांची सालं काढली," मोहिनी म्हणाली. "जाकिटाचंही तेच झालं."

अमरसिंहने कमरेचा गावठी कट्टा काढला. "धुतलं हिनं! हिलाच धरा!"

रोहिणी उठून सरळ त्याच्यासमोर गेली. "मार. माझ्या अंगावर तर ते जाकीटबी न्हाई."

शहादेवची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आला आणि गोळी ट्रॉलीच्या टायरात गेली. जीवनसाठी धरलेल्या काठ्या आता अमरसिंहकडे वळल्या. त्याचं डोकं फुटलं, तशी मोहिनी मध्ये पडली. "जिवंत पाहिजे मला हा," ती ओरडली.

रोहिणीने तिकडे पाहिलंच नाही. ती चाकाजवळ बसून सुंभाची गाठ सोडवू लागली. गाठ रक्ताने घट्ट झाली होती.

"वैनी, राहू द्या," जीवन कसाबसा म्हणाला. "हात सोलतेत तुमचे."

"सोलू दे," ती म्हणाली, आणि गाठ सुटेपर्यंत तिने हात काढला नाही.