खाणीच्या वळणापुढचं ओझं

गाडी तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली तेव्हा मेकॅनिकला राग नाही आला, मौज वाटली. इंजिनाला नुसता कान लावून रोग सांगणारा माणूस तो. सगळे त्याला कानसेन म्हणत. आणि इथे काडेपेटीएवढी एक डबी त्याला महिनाभर चकवत होती.

मोटारसायकल होती दवाखान्यातल्या एका नर्सची. तिच्या धाकट्या भावाने हौसेने बाजारातून फ्युएल कंट्रोलर आणून बसवला होता. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं हे ही डबी ठरवायची आणि त्याची नोंदही ठेवायची. पण दवाखान्याच्या वाटेवर खाणीचं वळण मागे पडलं, की गाडी पेट्रोल ढोसायला लागायची, गुदमरायची आणि लहर आली तर भर रस्त्यात बंद पडायची.

“काका, काल मागून ट्रक आला,” नर्स म्हणाली. “वीतभर अंतरावरून गेला. भावाला वाईट वाटेल म्हणून डबी काढत नव्हते. पण मीच गेले तर त्याला जास्त वाईट वाटेल, नाही का?”

“थांबा सिस्टर. आज तिचा छडा लावतोच.”

पहिल्या खेपेला त्याने अर्थची वायर बदलली होती. दुसऱ्या खेपेला जोडातला हिरवा गंज खरवडला, सायलेन्सरला चिकटून भाजलेली वायर सोडवली, डबी पुसून कोरडी केली. प्लग मात्र दर वेळी तसाच निघे, काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओला. आज त्याने डबी लॅपटॉपला जोडली आणि महिनाभराच्या नोंदी उलगडल्या.

पडद्यावर रोजची एक रेघ होती. घरापासून वळणापर्यंत सपाट. वळणावर ती टुणकन वर चढे, दवाखान्याच्या फाटकापाशी खाली येई. परतीच्या वाटेवर मात्र सुतासारखी सरळ.

कानसेनने चष्मा पुसला. अशी रेघ त्याने शेकडो वेळा पाहिली होती.

“सिस्टर, वळणावर कुणाला मागे बसवता का हो?”

“छे! एकटीच असते मी.”

“नाही, ओझं वाढलं की इंजिन जास्त पेट्रोल मागतं. तेवढंच ही डबी देतेय. जरा जास्तच देते, म्हणून गाडी गुदमरते, ते वेगळं. पण ओझं...”

नर्स पडद्याजवळ वाकली. बराच वेळ ती त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

“म्हणजे दवाखान्यापाशी उतरतं,” ती हळूच म्हणाली. “आणि काका... परत कुणीच येत नाही?”

कानसेनने लॅपटॉप मिटला. “डबीच बिघडली असेल,” म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. संध्याकाळी गाडी न्यायला या म्हणाला.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. जुने गिअर, चेन, लोखंडाचं भंगार असं साठ किलो पोत्यात भरून त्याने मागच्या सीटवर बांधलं आणि दोन चकरा मारल्या. रेघ जशीच्या तशी उमटली. चुगलखोर असेल, पण डबी खोटं बोलत नव्हती.

मग त्याने पोतं उतरवलं आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, एकटा खाणीच्या रस्त्याला लागला.

खाण कधीचीच बंद पडलेली. वळणाच्या एका बाजूला कापलेला उभा खडक, दुसरीकडे वाळकं गवत. माणूस नाही, जनावर नाही. इंजिन सुरात चाललं होतं. वळण आलं. तो मुद्दाम कान टवकारून बसला.

वळण संपता संपता मागचा शॉकअब्सॉर्बर दबला.

हळूच. खड्ड्यात दबतो तसा नव्हे. सवयीचं माणूस एक पाय टाकून, सावरून बसतं तसा. पुढचं चाक हलकं झालं, इंजिनाचा आवाज खोल गेला आणि नाकात कच्च्या पेट्रोलचा भपका शिरला.

त्याने आरशात पाहिलं. रस्ता, गवत, खडक. बस.

“कोण...?” तो पुटपुटला. “कुठं जायचंय...?”

इंजिन तेवढं धापा टाकत होतं. दवाखाना अजून चार किलोमीटर. तेवढं अंतर त्या ओझ्यासकट कापण्याची छाती त्याला झाली नाही. गाडी न थांबवताच त्याने रुंद रस्त्यावर वळसा घेतला आणि थेट गॅरेज गाठलं. मागे न बघता त्याने गाडी स्टँडला लावली, डबी उपटून काढली आणि कंपनीच्या मूळ वायरी जोडून टाकल्या.

संध्याकाळी नर्स आली. त्याने डबी तिच्या हातात ठेवली.

“भावाला सांगा, माल खराब निघाला. आता नाही बंद पडायची.”

“आणि ते... वळणावरचं?”

“आजचा दिवस दुसऱ्या रस्त्याने जा, सिस्टर.”

तिने किक मारली. कानसेन दारात उभा राहून ऐकत होता. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. खणखणीत, मोकळा आवाज. मागे पिसाचंही वजन नव्हतं. गाडी किती हलकी गेली! त्याला हायसं वाटलं, अगदी ओठावर हसू आलं.

आणि मग ते हसू जागच्या जागी थिजलं.

वळणापासून दवाखान्यापर्यंत जायला निघालेलं ते... त्याने दवाखान्यात नेलंच नव्हतं. आणि आता तिच्याबरोबरही ते गेलं नव्हतं.

त्याच्या पाठीमागे गॅरेजमध्ये भिंतीलगत गिऱ्हाइकांना बसायला एका मोडक्या मोटारीची मागची सीट टाकलेली होती. तिथून रेक्झिनमधली हवा दाबून बाहेर पडल्याचा आवाज आला. फुस्स...

तो वळला. सीट मधोमध दबलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

भीती होतीच, पण पाय दाराकडे वळेनात. त्याने स्टूल ओढलं, समोर बसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “दवाखान्यात... काय काम आहे?”

बाहेर अंधारून आलं. स्प्रिंगा एकदाच कुरकुरल्या, आणि पहिल्या खळग्याशेजारी, दुसरं कुणी येऊन बसावं तसा, आणखी एक खळगा सावकाश पडत गेला.