अप्पांचा पॅरलल फोन

हे वाचून कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला काही फरक पडत नाही. मी तिथं होते, फोन माझ्या कानाला होता, आणि जे ऐकलं ते ऐकलं.

दिंद्रुड, जिल्हा बीड. २००८ चा जून. दुपारी साडेचार.

म्हणजे भुताखेताची वेळसुद्धा नव्हती.

पुण्याच्या कॉलेजचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत. घरात नवंकोरं ब्रॉडबँड, आणि तीन दिवस एकच तऱ्हा. सगळी पानं भरायची, शेवटी 'सबमिट' दाबायचं... की मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा.

गेलं नेट.

रविकाका त्याच कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर बघायचा तेव्हा मात्र रखडत का होईना, तासन्‌तास चालायचं. माझ्या अर्जालाच काय धाड भरली होती?

लाइनमन उत्तरेश्वर, काकाचा दोस्त, तीन दिवस चकरा मारत होता. फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदलला. खांबापासूनची वायर बदलली. मोडेमसुद्धा दुसरा लावला. त्या दिवशी परत दिवा लुकलुकला तेव्हा तो समोरच होता. त्यानं घरातला फोन उचलून कानाला लावला...

"टोनच न्हाई. दुसरीकडं कुणीतरी उचलून बसलंय, म्हणून नेट पडतंय. ताई, पॅरलल हाय का कुठं?"

"होता. दुकानात. आता नाही."

त्या पॅरललचं सांगायलाच हवं. माझे आजोबा गुंडप्पा. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. घराला लागूनच त्यांचं आडत दुकान. घरच्याच लाइनीवरून त्यांनी दुकानात दुसरा फोन ओढला होता. घरात कुणी बोलायला लागलं की अप्पा तिकडं हळूच उचलणार... टक. सगळं ऐकणार. पटलं नाही की मधेच म्हणणार, "राँग नंबर," आणि लाइन तोडणार.

१९८८ साली मल्लम्मा आत्यासाठी तिच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. डी.एड.ला नंबर लागलाय, उद्या कागदं घेऊन ये. अप्पा मधेच बोलले, "राँग नंबर." आत्या घरातला रिसीव्हर कानाला लावून उभी होती. हूं की चूं केलं नाही तिनं. त्याच वर्षी तिचं लग्न लावलं. चार वर्षांत माघारी आली. तेव्हापासून ती आणि तिची चूल.

अप्पा २००५ ला गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. दुकानामागच्या आमच्याच वावरात खड्डा घेतला. विभूती, बेलाची पानं, सगळं रीतीनं झालं. आणि रविकाकानं रडत रडत अप्पांचा तो काळा फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. जंगमस्वामी नको नको म्हणत होते. "लई जीव होता त्यांचा ह्याच्यावर," काका म्हणाला. ऐकतो कोण?

वायर मात्र त्यानंच पक्कडीनं कापली होती.

"दाखव बे रवि, कुठं कापली?" उत्तरेश्वर काकाला म्हणाला.

आम्ही तिघं दुकानामागं गेलो. वायर भिंतीवरून खाली लोंबत होती. टोकाचं तांबं उघडं. कापलेलीच होती.

अप्पांची समाधी तिथून चार हातांवर.

"मग फोन उचललाय कुणी?" उत्तरेश्वर म्हणाला. त्यानं समाधीकडं बघितलं, पिशवी उचलली आणि चालू लागला. सायकल आमच्या दारातच राहिली.

पावणेपाच.

माजलगावच्या कॅफेत पोचेपर्यंत मुदत संपली असती. मला भ्यायला पाहिजे होतं. पण मला संताप आला. वर्षभर अभ्यास मी केला होता! पळत घरात आले, रिसीव्हर उचलला.

टोन नाही.

नुसती घरघर... दम्याची. लहानपणापासून ऐकलेली.

"अप्पा, फोन ठेवा. मला अर्ज भरायचाय."

घरघर थांबली...

"राँग नंबर."

अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात मागून कुणीतरी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला.

मल्लम्मा आत्या. हात पिठानं भरलेले.

"नंबर बरोबर हाय अप्पा. मी मल्लम्मा बोलतेय. माझ्या वक्ताला मी गप बसले, ती माझी चूक. ही पोरगी जानार. ऐकायचं तर ऐका, पन आडवं यायचं न्हाई. ठेवा फोन."



मोडेमचा दिवा लुकलुकतच होता. आत्या जागची हलली नाही.

"अप्पा, ठेवा म्हणलं ना!"

टक.

दिवा स्थिर झाला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी माझा अर्ज गेला. पावतीच्या कागदावर आत्याच्या पिठाची बोटं उमटलीत. अजून जपून ठेवलाय मी तो.

ऑगस्टमध्ये कॉलेजचा फोन आला. आत्यानंच घेतला. नाव लागलंय, म्हणाले. आणि मधेच... टक. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग आवाज चढवून म्हणाली, "हो हो, शिवांजली येनार म्हंजे येनार!"

कुणी लाइन तोडली नाही.

तो लँडलाइन आम्ही कधीच परत केला. आता मी पुण्यात नोकरी करते, आत्याशी रोज मोबाइलवर बोलते. मोबाइलला कसली आलीय वायर? तरी कधी कधी बोलता बोलता मधेच तो आवाज येतो...

टक.

आजही फोन ठेवावासा वाटतो. पण आत्या ठेवू देत नाही.

"ऐकू दे त्यांना," ती म्हणते. "तू बोल, मोठ्यानं बोल."