दहा मिनिटांची उघाड

दोघंही आभाळाकडे बघत चालत होते, म्हणूनच किन्हीराजा गावाच्या चौकात एकमेकांवर आदळले.

"डोये कुठी हायेत तुमचे?" संस्कृती भडकली.

"जिथं तुमचे होते... ढगात!" तो हसला.

हा हरीओम, रिसोडचा इंजिनिअर. गावाच्या पूर्वेला टेकडीवर त्याच्या पथकाचा तळ होता. जमिनीवरून लेझरचा किरण सोडून उडतं ड्रोन पाडायची चाचणी होती. पण ढगातल्या थेंबांनी किरण विखुरतो, त्यातला दमच निघून जातो. आणि श्रावणातलं आभाळ उघडायचं नाव घेईना.

संस्कृतीला ते आभाळ पाठ होतं. तिची आत्या तुळसाबाई चातुर्मासात सूर्य दिसल्याशिवाय जेवत नसे, त्यामुळे गच्चीवरून ढगांतली फट शोधणं हे संस्कृतीचं रोजचं काम. मग काय, हरीओम दररोज अंदाज विचारायला येऊ लागला. अंदाज दोन मिनिटांचा, गप्पा तासभर!

आठव्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला होता. "उद्या दुपारपर्यंत नाही जमलं तर तळ उठते. मंग मी हैदराबादले..."

संस्कृतीने पश्चिमेकडे बोट दाखवलं. "आमच्या गच्चीवरची उघाड दहा मिनिटांत टेकडीवर येते. फोन करीन तुले, तेवढ्यात ड्रोन उडवून ठेवजो."

"तळावर फोन बंद ठेवा लागते."

"मंग ऊन पडलं का ताट चमकवीन. पाहत राहजो!"

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, एक वाजला... आभाळ गच्च. आत्या उपाशी, आणि संस्कृतीही ताट घेऊन गच्चीवरून हलेना. इतक्यात पश्चिमेकडून निळी फट सरकत आली!

"आत्या, वर ये!" ओरडत तिने स्टीलचं ताट उन्हात धरलं, टेकडीकडे तिरपं केलं. एकदा, दोनदा, दहादा... हात भरून आले, तरी ती थांबली नाही.

उन्हाचा पट्टा सोयाबीनवरून सरकत टेकडीवर चढला. घिरट्या घालणारं ड्रोन एकाएकी पेटलं आणि कोसळलं.

"पडलं! आत्या, पडलं!" तिने आत्यालाच गरागरा फिरवलं.

संध्याकाळी हरीओम धापा टाकत गच्चीवर आला. "तळ दिवाळीपर्यंत राह्यते!"

"अन् मंग?" आत्याने विचारलं.

"मंग... आत्या, मले संस्कृती आवडते. लगन करीन तं हिच्याशीच."

"मले कोनी इचारलं?" संस्कृती फणकारली.

"आता इचारून राह्यलो ना... करशील?"

"करीन!" ती इतक्या झटकन म्हणाली, की आत्यालाच हसू फुटलं.