मावशींचा शिक्का

ही गोष्ट घडलेली आहे. मावशींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतल्या नव्हेत.

महायुद्ध ऐन भरात होतं. मावशी बंदुकांच्या कारखान्यात तपासणीला होत्या. पिकल्या केसांचे साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणत.

नळीत जिथे काडतूस बसतं, तिथे पोलादी माप घालायचं. ते आत गेलं, की जागा पुरेशी. मग मावशींचा शिक्का.

पण ते माप झिजलं होतं.

झिजलेलं माप अरुंद जागेतही जातं. अशा बंदुकीत जरा चिखल गेला, की उडालेलं काडतूस आतच अडकतं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा मागचा सरकता दांडा, मागे सरकत नाही.

मावशींनी साहेबांना सांगितलं.

"नवं माप येईपर्यंत काम थांबवू? तिकडे पोरं रिकाम्या हातांनी उभी आहेत, मावशी. तुमचा भाऊही तिथेच आहे ना?"

मावशी परत जागेवर जाऊन बसल्या. शिक्के मारत राहिल्या.

एकदा दुपारच्या सुट्टीत यंत्रं थांबली. सगळे जेवायला गेले. मावशींना घास गोड लागत नव्हता, त्या जागेवरच बसून राहिल्या.

ठक्...

तळहाताने लोखंडावर मारल्यासारखा आवाज.

ठक्... ठक्...

पास झालेल्या बंदुकांकडून येत होता. मावशी जवळ गेल्या आणि आवाज थांबला.

एका बंदुकीच्या बोल्टवर चिखल होता... ओला.

कोरी करकरीत बंदूक, कारखान्याबाहेर कधी न गेलेली! मावशींनी बोल्ट ओढला. हलेना.

आणि मागून, अगदी कानाशी...

"ताई, उघडत नाही गं..."

भाऊच, असं त्यांना वाटलं. वळून पाहिलं, तर चिटपाखरू नव्हतं.

मावशींनी असा काही आरडाओरडा केला की ते माप त्याच दिवशी भंगारात गेलं. पण आधी रवाना झालेल्या बंदुकांबद्दल त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. साहेबांनीही विचारलं नाही.

युद्ध संपलं. भाऊ धडधाकट परतला. मावशींनी त्याला पोटाशी धरलं, सोडेचनात.

जेवताना तो म्हणाला, "बंदुका ऐन वेळी अडकल्या, म्हणून टेकडी शत्रूच्या हाती गेली, ताई. माझ्या शेजारचं पोर हात फुटेपर्यंत बोल्ट ठोकत होतं. 'ताई, उघडत नाही गं' म्हणतच गेलं."

"बहिणीची आठवण आली असेल रे..."

"त्याला बहीण नव्हती."

भावाला मावशींनी आजवर काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि आता मलाही त्याच्या नजरेला नजर देववत नाही.