आई, गोळी घेतलीस?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्याच घरात घडलंय. बदलापूर, कात्रप. सर्वपित्रीची दुपार, लख्ख उजेड.

माझा नवरा समीर मागच्या वर्षी तापाने गेला. दहाव्याला उल्हास नदीवर पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी नाना शब्द दिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा लावला.

काय राहिलं होतं त्याचं... कळलंच नाही.

सासूबाईंना दिसत नाही. त्यांच्यासाठी समीरने एक प्रोग्राम लिहिला होता. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर त्याच्या आवाजात विचारायचा, "आई, गोळी घेतलीस?"

तो गेल्यावरही विचारायचा.

यंदा गणपतीत तो कॉम्प्युटर जळला. आईंनी बीपीची गोळीच सोडली. ऐकेनात.

समीरचा कोड मेलवर सापडला. मी ऑफिसात लिनक्सवरच काम करते. म्हटलं, नव्या लॅपटॉपवर बिल्ड करू, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्राम परत तयार होईल.

बिल्ड फेल.

आवाजाची फाइल सापडत नाही, एवढीच एरर.

ती फाइल फक्त जळालेल्या डिस्कवर होती. अख्ख्या ऑफिसला 'बॅकअप घ्या' म्हणून ओरडणारा माणूस! दिव्याखाली अंधार.

फाइलचे पाथ, म्हणजे पत्ते, बदलले. आधीच्या बिल्डचे उरलेले तुकडे पुसले. परत चालवलं.

फेल.

खिडकीत त्याचं पान वाढून ठेवलं होतं. एकही कावळा नव्हता. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना...

"झालं का गं वृंदा?" आतून आई म्हणाल्या. "त्याला बोलू दे, मग घेते गोळी."

मला रडू फुटलं. मला पुण्यात नोकरी लागली होती. आईंना अंबरनाथला नणंदेकडे ठेवून मी जाणार होते. अजून कुणाला बोलले नव्हते.

स्क्रीनकडे बघत पुटपुटले, "नाही जात रे मी. आईंजवळच राहते."

काहीही न बदलता एंटर दाबलं.

बिल्ड... पास.

खिडकीत फडफड झाली. कावळ्याने पानातला वडा उचलला होता.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेते रे राजा," आई म्हणाल्या.

मी फोल्डर उघडून पाहिला. फाइल तिथे नव्हतीच. आजही नाही.

परवा पुण्याहून परत फोन आला. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

त्या संध्याकाळी आवाज आला नाही.

लॅपटॉप उघडला. तीच एरर. बिल्ड तर कुणी चालवलाच नव्हता...

आई तळहातावर गोळी घेऊन बसल्या होत्या. "थांब गं, बोलेल तो."

मला भीती वाटली. आणि त्याचा माझ्यावर एवढाही भरवसा नाही, याचं फार वाईट वाटलं.

मी पुण्याला फोन लावून नाही सांगितलं. ठेवते न ठेवते तोच मागून...

"आई, गोळी घेतलीस?"

आता रोज त्या वेळी मीही आईंशेजारी जाऊन बसते.

मला तो काहीच विचारत नाही.